नदीचे शेवटचे घर

उल्हासनगर हे नाव नदीवरून पडले. फाळणीनंतर कल्याणच्या लष्करी छावणीत आलेल्या सिंधी निर्वासितांच्या वसाहतीला ८ ऑगस्ट १९४९ रोजी चक्रवर्ती राजगोपालाचारी यांच्या हस्ते हे नाव मिळाले. एक सिंधू नदी मागे टाकून आलेल्या माणसांना दुसऱ्या नदीच्या नावाचे गाव मिळावे, या योगायोगात काही एक सांत्वन होते. पुढे गाव वाढले, कॅम्पांना क्रमांक पडले, घरांची तोंडे रस्त्याकडे आणि बाजाराकडे वळली आणि नदी गावाच्या पाठीमागे गेली. आज उल्हासनगरच्या माणसाला उल्हास नदी कोठे आहे हे विचारले तर तो दिशा दाखवतो. ती कोठे जाते हे विचारले तर थोडा वेळ घेतो.

आम्ही तिघे मराठीचे अध्यापक. एकजण उल्हासनगरला राहतो, एकजण अंबरनाथला, तिसरी बदलापूरला. तिघांच्याही नळाला याच नदीचे किंवा तिच्या उपनदीचे पाणी येते. राजमाचीच्या परिसरात सह्याद्रीच्या कुशीत उगम पावलेली उल्हास कर्जत, नेरळ, वांगणीवरून बदलापूरला येते, कल्याणजवळ खाडीचे रूप घेते, ठाण्याच्या उत्तरेला तिला फाटा फुटतो आणि मुख्य प्रवाह वसईच्या खाडीतून समुद्राला मिळतो. उगमापासून मुखापर्यंत सुमारे १२२ किलोमीटर. या मुखाशी, उत्तर तीरावर, वसईच्या जुन्या किल्ल्याला लागून किल्लाबंदर आणि पाचूबंदर या कोळ्यांच्या वस्त्या आहेत. नदीच्या काठावरची घरे मोजत गेलो तर हे तिचे शेवटचे घर. गेली काही वर्षे आम्ही अधूनमधून तेथे जात आहोत. त्या वस्तीविषयी, आणि तिच्याशी आमच्या गावांचे जे नाते आहे त्याविषयी, हे लिहीत आहोत.

जाण्याचा मार्गही नदीच्या बरोबरीने जातो. आमच्या गावांतून लोकलने दिव्यापर्यंत यायचे आणि तेथून दिवा-वसई गाडी धरायची. या गाडीला गर्दी असते, पण चर्चगेटच्या किंवा छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनसच्या गर्दीची घाई तिच्यात नसते. खाडीचा पूल ओलांडला की भिवंडी रोड, खारबाव, कामण रोड, जूचंद्र अशी स्थानके येतात. शहराच्या नकाशावर ज्यांना जागा नाही अशी गावे खिडकीतून दिसतात. वसई रोडला उतरून वसई गावात, आणि तेथून थेट किल्ल्याच्या पोटातून जाणाऱ्या रस्त्याने किल्लाबंदरच्या धक्क्यापर्यंत जाता येते.

बहुतेक पाहुणे किल्ल्यातच थांबतात. त्यांचेही बरोबर आहे. १५३४ मध्ये गुजरातचा सुलतान बहादूरशहा याने वसई पोर्तुगीजांना दिली. त्यांनी तेथे तटबंदीच्या आत एक सबंध नगर उभारले. १७३९ च्या मे महिन्यात चिमाजी आप्पांच्या सैन्याने ते जिंकले. १८०२ च्या अखेरीस दुसऱ्या बाजीरावाने इंग्रजांशी तह केला तोही वसईचाच. छप्पर उडालेली चर्चे, वडापिंपळांनी कवटाळलेल्या कमानी, आप्पांचा पुतळा, वज्रेश्वरीचे देऊळ, हे सारे पाहता पाहता दुपार होते. मात्र इतिहासाच्या या पुस्तकाचे मलपृष्ठ उलटल्याशिवाय वस्ती दिसत नाही. तट संपतो तेथे अचानक माशांचा वास येतो, निळ्या-हिरव्या जाळ्यांचे ढीग दिसतात, अरुंद गल्ल्यांच्या तोंडाशी फुले वाहिलेले क्रूस दिसतात. येथील बरेच कोळी ख्रिस्ती आहेत. येशूच्या पहिल्या शिष्यांपैकी पीटर हा मासे धरणारा होता, ही गोष्ट येथे प्रवचनातली उपमा म्हणून ऐकायला मिळत नाही. आपल्या धंद्यातला एक मोठा माणूस म्हणून त्याचा उल्लेख होतो.

कोळ्याच्या कामाची पद्धत समजून घेतल्याशिवाय हे गाव समजत नाही. मुखाजवळच्या या पट्ट्यात पूर्वापार चालत आलेले जाळे म्हणजे डोल. हे पिशवीसारखे लांबट जाळे प्रवाहाच्या तोंडाशी, समुद्राच्या तळाला बांधून ठेवायचे. मासळीच्या मागे धावायचे नाही. भरती-ओहोटीच्या ओढीबरोबर मासळी आपोआप जाळ्यात येते. बोंबील, मांदेली, जवळा, करंदी, कोळंबी ही डोलीची मासळी. पाण्याची ओढ फिरली की जाळे उचलून रिते करायचे. म्हणजे येथे मासेमारीचे घड्याळ पाण्याकडे आहे, आणि पाण्याचे घड्याळ चंद्राकडे. अमावास्या-पौर्णिमेच्या आसपास पाण्याला जोर असतो, ते उधाण. अष्टमीच्या आगेमागे जोर ओसरतो, ती भांग. उधाणात माणसे रात्री-अपरात्री समुद्रावर असतात. भांगेच्या दिवसांत जाळी दुरुस्त होतात, यंत्र उघडले जाते, लग्ने बोलली जातात, भांडणे मिटवली जातात. दिनदर्शिकेवरचे रविवार शाळेसाठी आणि मिस्सेसाठी. बाकी महिना तिथींवर चालतो.

मराठीच्या शिक्षकाला येथे एक वेगळीच जाणीव होते. भावनांना उधाण येते, उत्साहाला भरती येते, पैशाला ओहोटी लागते, संसाराचे तारू किनाऱ्याला लागते, कोणी जाळ्यात सापडते, कोणी गळाला लागते: ही सारी भाषा आपण रोज वापरतो, वर्गात अलंकारांची उदाहरणे म्हणून फळ्यावर लिहितो. ती कोणाच्या श्रमांतून आली हे मात्र त्या फळ्यावर नसते. आपल्याकडे जे रूपक आहे ते किल्लाबंदरला वेळापत्रक आहे. तेथल्या म्हाताऱ्याने ‘परवा उधाण आहे’ असे म्हटले तर त्यात काव्य नसते. डिझेल भरून ठेवायचे आहे आणि खलाशांना परवाची रजा मिळणार नाही, एवढा त्याचा अर्थ असतो.

असाच एक शब्द ‘मासळीबाजार’. गोंगाट करणाऱ्या वर्गाला उद्देशून तो उच्चारला नाही असे कॉलेज महाराष्ट्रात नसेल. होडी धक्क्याला लागल्यावर पहाटे जो व्यवहार होतो तो पाहिला की या शब्दाची गंमत कळते. आवाज मोठे असतात, कारण वारा असतो, यंत्रे चालू असतात आणि वेळ नसतो. पण गोंधळ नसतो. टोपल्यांची वाटणी, मासळीची प्रत, भाव, उधारी, कोणाचा माल आधी, कोणाचा मागून, हे सारे मोजक्या शब्दांत आणि मानेच्या हालचालींत ठरते. दिलेला शब्द फिरवता येत नाही, कारण उद्या पहाटे तीच माणसे समोर असतात. हा व्यवहार मुख्यतः बायकांच्या हाती आहे. समुद्र पुरुषांचा आणि जमीन बायकांची, अशी येथे जुनी विभागणी आहे. मासळी धक्क्यावर आली की निवडणे, विकणे, वाळवणे आणि त्या पैशांतून घर चालवणे हा बायकांचा कारभार. कारभार हाच शब्द योग्य. ‘मदत’ हा शब्द तेथे कोणी वापरत नाही.

विकून उरलेली आणि मुद्दाम राखलेली मासळी वाळवली जाते. बोंबलाच्या जोड्या जबड्यात जबडा अडकवून बांबूच्या मांडवावर दोऱ्यांना टांगतात. जवळा उन्हात पसरतात. आमच्या गावांचे या वस्तीशी असलेले पहिले नाते या सुक्या मासळीचे आहे. एप्रिल-मे महिन्यांत अंबरनाथ-बदलापूरच्या बाजारांत सुके बोंबील, जवळा, वाकट्या घेण्यासाठी जी गर्दी उसळते तिला आगरी-कोळी माणूस आगोटीची खरेदी म्हणतो. पावसाआधी घर भरण्याची ही रीत बदलापुरातल्या नव्या गृहसंकुलांत राहायला आलेल्या कोकणी कुटुंबांनीही सोडलेली नाही. १ जून ते ३१ जुलै या काळात राज्यात यांत्रिक मासेमारीला बंदी असते. त्या दोन महिन्यांत आमच्या कालवणात किनारपट्टीवरचा मागच्या महिन्यांचा सूर्य असतो.

उल्हासनगरच्या सिंधी घरांत मासळीची आठवण आणखी वेगळी आहे. झुलेलाल पल्ला माशावर आरूढ असतो, आणि हा पल्ला समुद्रातून सिंधूत शिरून प्रवाहाविरुद्ध पोहत वर येणारा. सक्करच्या जिंदा पीराच्या ठाण्याला प्रदक्षिणा घालून तो परत फिरतो, अशी सिंधमध्ये श्रद्धा होती. १९५५ मध्ये कोटरीजवळ सिंधूवर बंधारा पूर्ण झाला आणि त्या माशाची वरची वाट अडली. आमच्या एका निवृत्त सिंधी सहकाऱ्यांनी ही हकिकत सांगून पुढे म्हटले होते, ‘पल्ला वर येत होता तोवर डोंगराकडच्या माणसालाही समुद्राची खबर होती.’ समुद्र आणि नदी हे एकच घर आहे, हे त्या माशाला ठाऊक होते आणि त्यामुळे माणसांनाही.

आमच्या नदीतून समुद्राकडे मात्र खबर रोज जाते. डोलीचे जाळे तोंड उघडे ठेवून प्रवाहात उभे असते. त्यामुळे जे वाहत येईल ते त्यात येते. जाळे रिते केल्यावर जो ढीग पडतो त्यात मासळी निवडण्याआधी प्लास्टिक निवडावे लागते. एका सकाळी धक्क्यावर बसलेल्या कोळिणीने आम्ही कोठून आलो ते विचारले. आम्ही गावांची नावे सांगितली. ती हसली आणि शेजारच्या ढिगातून चिखलाने माखलेली एक पिशवी ओढून तिने पुढे केली. दुकानाचे नाव पुसट झाले होते, ‘कॅम्प नं. ४’ एवढी अक्षरे वाचता येत होती. ‘तुमच्याकडनं रोज काही ना काही येतं बघा,’ ती म्हणाली. स्वरात राग नव्हता. पाहुण्याच्या गावाची ओळख निघाल्यावर माणसे जशी बोलतात तशी ती बोलली.

पिशवी निदान दिसते. न दिसणाऱ्या गोष्टींची यादी मोठी आहे. वालधुनी अंबरनाथजवळच्या डोंगरात उगम पावते, शके ९८२, म्हणजे इ.स. १०६० च्या शिलालेखाच्या शिवमंदिराजवळून वाहते, उल्हासनगरच्या कॅम्पांमधून पुढे जाते आणि कल्याणजवळ उल्हासला मिळते. एवढ्या थोड्या अंतरात ती औद्योगिक वसाहतींचे आणि वस्त्यांचे सांडपाणी घेते. जीन्सच्या कापडाला धुलाई आणि रंग देणाऱ्या कारखान्यांच्या भरभराटीच्या काळात तिचे पाणी निळे दिसे. नोव्हेंबर २०१४ च्या अखेरीस टँकरमधून तिच्यात ओतलेल्या रसायनामुळे वडोल गावच्या परिसरात पहाटे विषारी वायू पसरला आणि शेकडो माणसांना रुग्णालयांत न्यावे लागले. त्याआधी, २०१३ मध्ये, ‘वनशक्ती’ या संस्थेने उल्हास आणि वालधुनीच्या प्रदूषणाबद्दल राष्ट्रीय हरित लवादाकडे दाद मागितली होती. २०१५ मध्ये लवादाने सांडपाणी प्रक्रिया केंद्रांना आणि नगरसंस्थांना मोठा दंड ठोठावला. या बातम्या आमच्या गावांच्या बातम्या म्हणून छापल्या गेल्या. पाणी मात्र तेथे थांबले नाही.

येथे जपानचा उल्लेख करणे आवश्यक वाटते, आणि वसईच्या संदर्भात तो अनाठायी नाही. सोळाव्या शतकात वसईत जन्मलेला गोन्सालो गार्सिया जपानला गेला आणि ५ फेब्रुवारी १५९७ रोजी नागासाकीला त्याला क्रूसावर मारण्यात आले. १८६२ मध्ये त्याला संतपद मिळाले. भारतात जन्मलेला तो पहिला संत. नागासाकी ज्या क्यूशू बेटावर आहे त्याच बेटाच्या पश्चिम किनाऱ्यावर मिनामाता नावाचे लहान गाव आहे. आतल्या शांत समुद्रावरच्या या गावात आणि आसपासच्या वाड्यांत मासेमारी करणारी कुटुंबे राहत. गावात रासायनिक कारखाना आला, गाव त्यावर पोसले गेले. कारखान्याच्या सांडपाण्यातला पारा खाडीत, खाडीतून मासळीत आणि मासळीतून माणसांत गेला. आधी मांजरे झिंगल्यासारखी नाचून मरू लागली. १ मे १९५६ रोजी या अनोळखी रोगाची अधिकृत नोंद झाली. त्याचे कारण कारखान्यात आहे हे सरकारने मान्य करायला १९६८ चा सप्टेंबर उजाडला.

मिनामाताची ही हकिकत पर्यावरणाच्या पुस्तकांत असते. साहित्याच्या अभ्यासकाला तिच्यात आणखी एक गोष्ट दिसते. इशिमुरे मिचिको (१९२७–२०१८) ही त्याच गावात वाढलेली, घरसंसार सांभाळून कविता लिहिणारी स्त्री रुग्णांच्या घरी जात राहिली आणि १९६९ मध्ये तिचे ‘कुगाई जोदो’ हे पुस्तक आले. दुःखाचा समुद्र आणि शुद्धभूमी या दोन बौद्ध कल्पना त्या नावात एकत्र आल्या आहेत. वैद्यकीय अहवाल, सरकारी कागद आणि कोळ्यांच्या बोलीतली स्वगते तिने शेजारी शेजारी ठेवली. इंग्रजी अनुवादातून आमच्यापर्यंत पोचताना बोलीचा बराच भाग गळून गेला असणार; तरीही एक गोष्ट टिकून राहते. तिची माणसे रोगाविषयी जितकी बोलतात तितकीच रोगाआधीच्या समुद्राविषयी बोलतात. काय नष्ट झाले हे कळण्यासाठी काय होते ते आधी भाषेत असावे लागते.

उल्हास म्हणजे मिनामाता असे आम्हाला म्हणायचे नाही. तेथे एक कारखाना, एक विष आणि एक रोग होता. बोट दाखवायला जागा होती. येथे लहानमोठे शेकडो कारखाने आहेत, नगरपालिकांची गटारे आहेत आणि आमची स्वयंपाकघरे आहेत. एक साम्य मात्र नजरेआड करता येत नाही. मिनामातातले अनेक गावकरी रुग्णांवर रुष्ट होते, कारण कारखाना बंद पडला तर आपली चूल विझेल ही त्यांची भीती खरी होती. आमच्या वर्गातल्या कितीतरी मुलामुलींच्या घरची चूल अंबरनाथ-बदलापूरच्या औद्योगिक वसाहतींवर पेटते. रात्रपाळी करून आलेला बाप आणि परीक्षेची फी यांच्यामधले अंतर आम्ही जवळून पाहतो. नदीविषयी वर्गात बोलताना या मुलांच्या चेहऱ्यांकडे पाहूनच बोलावे लागते. खालच्या अंगाच्या कोळ्याचे आणि वरच्या अंगाच्या कामगाराचे हित एकमेकांविरुद्ध उभे करणे सोपे आहे आणि ज्यांनी उत्तर द्यायला हवे त्यांच्या ते सोयीचेही आहे.

किल्लाबंदरपुढचे प्रश्न केवळ आमच्या पाण्यापुरते नाहीत. मोठ्या यांत्रिक बोटींशी स्पर्धा आहे, डिझेलचा खर्च आहे, खलाशी मिळत नाहीत म्हणून डहाणू-तलासरीकडच्या आदिवासी तरुणांना होडीवर घ्यावे लागते. ज्या पापलेटला सप्टेंबर २०२३ मध्ये राज्यमाशाचा मान मिळाला त्याची आवक घटल्याची तक्रार सबंध किनाऱ्यावर आहे. उत्तरेला वाढवण बंदराचे भूमिपूजन ऑगस्ट २०२४ मध्ये झाले. कोळ्यांचा त्याला विरोध होता. २०२४ च्या फेब्रुवारीपासून वसई-भाईंदर रो-रो बोट सुरू झाली आणि मुंबई थोडी जवळ आली. शिकलेली मुले त्या दिशेने जातात. ‘होडी कोणाला द्यायची?’ हा प्रश्न आम्ही तेथे अनेकदा ऐकला, आणि तो विचारताना म्हातारी माणसे समुद्राकडे पाहत नव्हती, घराच्या दाराकडे पाहत होती.

वसईने मराठीला लेखक दिले आहेत. उस्मानाबादच्या ९३ व्या साहित्य संमेलनाचे अध्यक्ष फादर फ्रान्सिस दिब्रिटो (मृत्यू २०२४) वसईचेच. पण त्या लेखनात जी वसई ठसठशीत उभी राहते ती प्रामुख्याने वाड्यांची, विहिरींची, केळीच्या बागांची. धक्क्यावरची वसई त्या मानाने कमी बोलते. आणि आमच्या कॉलेजांत तर कोळी दरवर्षी स्नेहसंमेलनात येतो: लाल टोपी, वल्हे, टोपली, तीन मिनिटांचा नाच, भरघोस टाळ्या. अभ्यासक्रमाच्या पुस्तकांत त्याचा पत्ता शोधावा लागतो.

हे सारे बदलण्याइतका अधिकार आमच्या हाती नाही. प्रकल्प म्हणून गुण देण्याइतका आहे. गेल्या वर्षी द्वितीय वर्षाच्या वर्गाला आम्ही सांगितले, की आपापल्या घरातले पाण्याशी संबंधित दहा शब्द आणा, आणि शब्दकोश न उघडता त्यांचे अर्थ लिहा. सिंधी मुलांनी आजीकडून शब्द आणले, आगरी मुलांनी शेतातल्या बांधावरून आणि खाजणांतून, काही मुलांनी टँकर आणि बूस्टर पंप हे शब्द आणले आणि तेही खरेच होते. बदलापूरला राहणाऱ्या एका मुलीचे आजोळ वसईच्या कोळीवाड्यातले. तिने लिहिले होते:

‘उधाण – जेव्हा आईला मामाचा फोन लागत नाही ते दिवस.

भांग – मामा घरी असतो तो आठवडा.’

आम्ही तो कागद तिला वर्गात वाचायला सांगितला. मागच्या बाकावरून कोणीतरी विचारले, ‘मग मामा आज कुठे आहे?’ तिने भिंतीवरच्या दिनदर्शिकेकडे पाहिले, बोटांवर तिथी मोजली आणि म्हणाली, ‘समुद्रावर.’